नखताईचा रविवार

नखताईच्या दुकानात शिरणाऱ्या माणसांचे दोन प्रकार होते. काही जण दारातूनच हात पुढे करून येत. बाकीचे हात खिशात, काखेत, पिशवीखाली, मिळेल तिथे दडवून येत. हात पुढे करणाऱ्यांना बाजारात कुठलंही दुकान चाललं असतं. दडवणारे मात्र शोधत शोधत नखताईकडेच यायचे, कारण खाल्लेल्या नखांवर काम करणारी तिच्यासारखी बाई त्या भागात दुसरी नव्हती.

दुकान कसलं, चपला शिवणारा आणि चाव्या बनवणारा यांच्या मधली एक चिंचोळी खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, हाताखाली घ्यायची टॉवेल गुंडाळलेली उशी, भिंतीवर बाटल्यांची फळी आणि टेबलावर नखं वाळवायचा निळा दिवा. एका भिंतीतून ठोकाठोक यायची, दुसरीतून चावी घासायच्या यंत्राची किरकिर. या दोन आवाजांच्या मधे नखताई आणि गिऱ्हाईक गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. जागाच तेवढी होती.

एक मुख्याध्यापिका होत्या. दिवसभर पोरांना नखं खाण्यावरून दटावायच्या आणि मधल्या सुट्टीत स्वतःच्या खोलीचं दार लावून स्वतःची खायच्या. एक आडदांड ट्रकवाला होता. त्याला रंग नको असायचा, नुसतं बिनरंगाचं जेल, तेही अंगठे आणि पहिल्या बोटांपुरतं. तो दुकानात शिरताना मागे कोणी ओळखीचं नाही ना, हे तीनदा बघायचा. नखताई हसायची नाही. ती त्याचा केवढा तरी मोठा हात उशीवर घ्यायची आणि म्हणायची, "सैल सोडा दादा, मी काही कापून ठेवून घेणार नाहीये."

खाल्लेल्या नखावर जेल बसवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. नख इतकं आखूड झालेलं असतं की पुढचं मांस त्याच्यावर चढून बसतं. बुडाची कातडी चावून चावून चिंध्या झालेली. आधी ती कातडी मऊ करून मागे सारायची, मग नखावरची चकाकी हलक्या कानशीने उतरवायची, धूळ झटकायची, स्पिरिटने पुसून घ्यायचं. मग पहिला थर, अगदी पातळ, आणि दिवा. पुढे कागदी पट्टी अडकवून तिच्यावर घट्ट जेलने नखाला जेमतेम धार येईल एवढी लांबी द्यायची, पुन्हा दिवा. मग रंग, मग चमक. प्रत्येक थर पातळ हवा. घाईने जाड थर दिला की वरून काच आणि आत चिखल. आणि कुठलाही थर कातडीपासून केसभर लांब. हे केसभर अंतर राखण्यातच नखताईची सगळी कमाई होती.

तिचे दोन नियम होते. पहिला म्हणजे, नखं का खाता, हे विचारायचं नाही. सुरुवातीला तिने दोघातिघांना विचारून पाहिलं होतं, तर त्यांनी हात असे काही मागे ओढून घेतले की तिने कानाला खडा लावला. दुसरा नियम, कातडी ओली असेल, रक्त आलेलं असेल, तर हात लावायचा नाही. "आधी भरू दे, मग ये," ती म्हणायची, आणि मग समोर कोणी गयावया करो नाहीतर तोऱ्यात बोलो, नखताई खुर्ची मागे सरकवून मोकळी. लग्नाला दोन दिवस उरलेल्या मुलीला तिने असंच परत पाठवलं होतं. मुलीच्या आईने बाजारभर तिच्या नावाने बोटं मोडली. नखताईला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

असे कडक नियम पाळणाऱ्या बाईची स्वतःची मुलगी मात्र कोपरापर्यंत हात तोंडात घालून बसलेली असायची.

दुसरीत असताना ते सुरू झालं. पोरगी दोन्ही हात तोंडाशी धरून पुढच्या दातांनी अशी टुकूटुकू नखं कुरतडायची की नखताईने तिचं नाव खारूताई पाडलं. पुढे ताई गळालं आणि खारू राहिलं. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "बरं झालं, हिची नखं कापायचा आपला वेळ वाचला." बापांना असल्या वेळी विनोद सुचतात. आईच्या जिवाला मात्र घोर. बाजार म्हणणार, नखताई जगाची नखं नीट करते आणि पोटच्या पोरीची बघा.

आठवड्याचे सहा दिवस नखताई दुकानात. घरी यायची तेव्हा पाठीचं धनुष्य झालेलं आणि डोळ्यांपुढे बारीक बारीक रेषा. जेवण रांधायचं, भांडी आवरायची आणि आडवं व्हायचं. सुट्टी एकच, रविवार. रविवारी जेवणं झाली की नखताई स्वयंपाकघरातलं टेबल पुसून त्याच्यावर टॉवेल अंथरायची आणि हाक मारायची, "ये गं खारू, दे तुझी ती खाऊगल्ली इकडे."

घरचा दिवा म्हणजे दुकानातून निवृत्त झालेला जुना दिवा. त्यातल्या अर्ध्या नळ्या मेलेल्या होत्या. गिऱ्हाइकावर तो वापरायची नखताईची हिंमत झाली नसती. घरच्यासाठी काय, चालतं. जेलही तळाशी उरलेलं, दाट झालेलं. आणि खारूची बोटं तर कायमच ओली. आधी भरू दे म्हणावं तर ती भरणार कधी? आठवडाभर पोरगी पुन्हा खाणार. म्हणून मग दुसरा नियम नखताईने रविवारपुरता बाजूला ठेवला. एवढंच नाही, तिने खारूसाठी खास एक युक्ती काढली. दात नखाच्या काठाला लागतो, तिथेच पकड मिळते आणि तिथूनच जेल उचकटतं. मग काठच ठेवायचा नाही. नखावरचं जेल पुढे कातडीवर थोडं उतरवायचं, काठ बुजवून टाकायचा, की दाताला सापडायला फटच नाही. केसभर अंतर सोडायचं ते परक्यांसाठी. या युक्तीचा नखताईला मनातून अभिमान होता, आणि गिऱ्हाइकांना ती कधी सांगितली नव्हती.

"आई, चुरचुरतंय," खारू म्हणायची.

"जखमेवर लागतं म्हणून. सोस जरा. छान दिसायला हवीत ना?"

खारू सोसायची. तोंडाने मात्र तिची टकळी सुरू. शाळेत कोण कोणाशी बोलत नाही, बाईंच्या चपलेचा पट्टा तुटला, बाकावर कोणी काय कोरलं, आठवडाभराचं सगळं. नखताई मान खाली घालून हं हं करत काम करायची. निम्मं तिच्या कानावरून जायचं. पण पोरगी त्या खुर्चीवरून हलायची नाही, हे तिच्या लक्षात होतं. दुसरी पोरं खाली खेळत असायची, हाका मारायची, तरी नाही. किती समजूतदार आहे, नखताईला वाटायचं.

शुक्रवारपर्यंत खारूने सगळं उचकटलेलं असायचं. रविवारी पुन्हा टॉवेल.

एकदाच असं झालं की खारूने महिनाभर नखं खाल्ली नाहीत. चक्क पांढरी किनार दिसायला लागली. नखताई इतकी हरखली की तिने बाजारात सगळ्यांना सांगितलं आणि खारूला म्हणाली, "शाब्बास. आता रविवारी तुला सुट्टी आणि मलाही." त्या रविवारी ती जेवून जी झोपली ती दिवे लागल्यावर उठली. कितीतरी वर्षांत अशी झोप तिला मिळाली नव्हती. पुढच्या रविवारी पाहते तर दहाही बोटं मुळापर्यंत खाल्लेली, दोन तर सुजलेली. नखताईने कपाळावर हात मारला आणि टॉवेल अंथरला.

या टेबलापाशी बसून बसून खारू कधी शिकली, ते कोणालाच कळलं नाही. कानस कशी धरायची, घट्ट द्रवाला आकार कधी द्यायचा आणि कधी हात काढून घ्यायचा, दोन रंगांतला फरक उजेडाकडे धरून कसा बघायचा, हे तिला आपोआप यायला लागलं. ती दहाबारा वर्षांची असताना बापाचा पुढचा दात पान्याचा फटका बसून अर्धा उडाला. खारूने आईच्या डब्यातलं एक नकली नख घेतलं आणि खाली बसून घासत राहिली. तासाभराने तिने बापाच्या तोंडात बोट घालून तो तुकडा जागेवर धरला आणि आरसा दाखवला. बाप बघतच राहिला. तुकडा पडेल म्हणून त्याला हसता येईना आणि हसू तर आवरेना.

नखं खाणारी पोरगी पुढे दातांच्या धंद्यात जाणार, हे तेव्हाच ठरलं म्हणायचं. शाळा संपल्यावर तिने कवळ्या बनवायचा अभ्यासक्रम केला आणि एका लॅबमध्ये लागली. तिथे दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे आणि ठशांवरून ही मंडळी दात, हिरड्या, सगळं तयार करायची. लॅब चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे दातकाका म्हणत. स्तुती करताना त्यांच्या पोटात दुखायचं म्हणे, पण खारूचं काम बघून तेही म्हणाले, "हिला शिकवावं लागत नाही. हिच्याकडून चोरावं लागतं."

खारूचं वैशिष्ट्य असं की ती दात सरळ रांगेत लावायचीच नाही. माणसाचा जुना फोटो मागून घ्यायची. कुठला दात किंचित पुढे, कुठला तिरका, हे बघायची आणि तेवढी तिरपागडी गंमत कवळीत ठेवायची. एक आजीबाई नवी कवळी बसवून स्वतः लॅबमध्ये आल्या. म्हणाल्या, "आमचे हे किती वर्षांनी आज माझ्याकडे टक लावून बघत होते. म्हणाले, अगं, तू परत आलीस." सांगताना त्या रडत होत्या, आणि रडताना दात दिसावेत म्हणून हसतही होत्या. खारूने त्या दिवशी घरी येऊन हे तीनदा सांगितलं. बापाचा तुटका दातही तिने आता खरा, पक्का करून दिला. तेव्हापासून बाप बंद पडलेल्या लिफ्टपुढेसुद्धा हसत उभा राहायचा.

रविवार आता विरळ झाले होते. खारू मोठी झाली होती, नखंही अधूनमधूनच खायची. तरी कधी कधी दुपारी ती आपण होऊन टेबलाशी यायची, हात पुढे करायची आणि नखताई टॉवेल अंथरायची.

मग बोटांना खाज सुरू झाली. आधी टोकं लाल झाली, मग कोरडी, मग त्यांना भेगा पडायला लागल्या. नखं पुढून पिवळी पडून सुटायला लागली. एकदा सकाळी पापण्या सुजलेल्या. घरात तर्कांना ऊत आला. साबण बदलला. कपड्यांची पावडर बदलली. बाप म्हणाला, झोप कमी होते म्हणून. लॅबमध्ये खारू हातमोजे घालायला लागली, तरी थांबेना. घरी दोन दिवस बरं असायचं, कामावर गेली की पुन्हा तेच.

आणि नेमकं तेव्हाच दातकाकांनी ठरवलं की आता आपले हात थरथरतात, आपली खुर्ची खारूला द्यायची. शहरातले मोठे डॉक्टर तिचं काम बघायला लॅबमध्ये येणार होते. त्यांच्यासमोर तिला एक कवळी सुरुवातीपासून करून दाखवायची होती. आदल्या दिवशी खारू आईच्या दुकानात आली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि हात टेबलावर ठेवून म्हणाली, "आई, ही बोटं घेऊन मी त्यांच्यासमोर कशी बसू?"

नखं फुटलेली, भेगा ओल्या. दुसरं कोणी असतं तर नखताईने खुर्ची मागे सरकवली असती.

"आण इकडे, झाकून देते," ती म्हणाली.

तिने जीव ओतून काम केलं. चांगला दिवा, नवी बाटली. फिकट गुलाबी रंग. आणि उचकटू नये म्हणून काठ नेहमीसारखे बुजवले, भेगांवरून घेतले.

"चुरचुरतंय गं, आई. खूप."

"लहान का आहेस आता? सोस."

खारू हसली आणि सोसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बोटं सुजून एकमेकांना टेकली होती, टोकांवर पाण्याचे फोड आले होते आणि दोन्ही डोळे उघडत नव्हते. मोठे डॉक्टर येऊन गेले. खारू घरी अंधारात ओल्या फडक्याखाली पडून होती.

कातडीच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी खारूच्या पाठीवर वेगवेगळ्या रसायनांच्या बारीक बारीक ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि काही दिवसांनी परत बोलावलं. तेव्हा आई आणि बाप दोघंही सोबत होते. पट्ट्या काढल्या तर पाठीवर सगळीकडे स्वच्छ आणि दोनच ठिकाणी लालभडक गांधी.

"हे नखांचं जेल," डॉक्टरीणबाई एकीवर बोट ठेवून म्हणाल्या. "आणि हा कवळी बनवायचा द्रव. दोन्ही एकाच घराण्यातली. एकाची अ‍ॅलर्जी झाली की बहुतेक दुसऱ्याचीही होते. नखांना जेल कधीपासून लावता?"

"लहानपणापासून," खारू म्हणाली. "दर रविवारी आई लावायची."

तिच्या मनात काही नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी नखताईकडे पाहिलं नाही, त्या हात धुवायला वळल्या आणि पाठमोऱ्याच बोलल्या, "नीट न वाळलेलं जेल कातडीला पुन्हा पुन्हा लागत राहिलं, त्यातून कातडी फुटलेली असली, की शरीर कधीतरी त्याची खूणगाठ बांधतं. ती गाठ मग सुटत नाही."

"जाईल ना पण हे?" नखताईने विचारलं.

"पुरळ जाईल. अ‍ॅलर्जी जाणार नाही."

"हातमोजे घालून काम केलं तर?"

"तो द्रव मोज्यांतून झिरपतो, हवेतही असतो. हे काम सोडावं लागेल."

बाहेर पडल्यावर त्यांनी घरची बस धरली. बसमध्ये तिघं शेजारी शेजारी बसली. बाप खिडकीतून बाहेर बघत होता आणि सारखा जिभेने पुढचा दात चाचपत होता.

दातकाकांनी खारूची हत्यारं स्वतः पुसून, एका कापडात बांधून तिला दिली. ते त्या गाठीवरच खूप वेळ खटपट करत राहिले. खारूने ते गाठोडं घरी आणून कपाटाच्या वरच्या खणात टाकलं आणि त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी झालं.

"माझ्यामुळे झालं," नखताई एकदा म्हणाली.

"तुला कुठे माहीत होतं, आई?"

नखताईच्या काळजात घुसलं ते हेच. तिला माहीत होतं. गाठ आणि घराणं हे शब्द माहीत नव्हते, पण केसभर अंतर माहीत होतं, पातळ थर माहीत होता, ओल्या कातडीला हात लावायचा नाही हे माहीत होतं. तिने ते मुख्याध्यापिकेसाठी पाळलं, ट्रकवाल्यासाठी पाळलं, रस्त्यावरून आलेल्या कोणाही परक्यासाठी पाळलं. फक्त आपल्या पोरीसाठी मोडलं, आणि तेही लाडाने. पोरगी दर रविवारी तोंडाने सांगत होती की चुरचुरतंय. हिने ऐकलं आणि सोस म्हटलं. दुकानात काम करताना हे मनात यायचं आणि नखताईचा ब्रश हवेतच थांबायचा. समोरची बाई विचारायची, "काय झालं ताई?" नखताई म्हणायची, "काही नाही, डोळ्यांत धूळ गेली."

धूळ. ती तर वेगळीच गोष्ट झाली. खारू लॅब सोडून घरी बसली, बोटं भरून आली, पण पापण्या काही उतरेनात. संध्याकाळ झाली की सुजायच्या. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी संध्याकाळी कोण येतं?" नखं घासताना उडणारी जेलची भुकटी नखताईच्या केसांत, कपड्यांत, बाह्यांच्या दुमडीत बसून घरी येत होती.

मग नखताई डोकं बांधून काम करायला लागली. घरी येऊन आधी न्हाणीघरात शिरायची, कपडे पिशवीत बांधायची, अंघोळ करूनच बाहेर यायची. खारूच्या खोलीत जायचीच नाही. पंधरा दिवस बरं गेलं. मग एका संध्याकाळी ती दारातून आत येते तो खारू पुढच्या खोलीत हुंदके देत बसलेली. त्या आजीबाई वारल्या होत्या, फोटोवाल्या. दातकाकांनी निरोप पाठवला होता की आजींनी सांगून ठेवलं होतं, मला न्याल तेव्हा माझे दात काढू नका. नखताईने ते ऐकलं आणि ती तशीच, दुकानच्या कपड्यांत, धावत गेली आणि पोरीला छातीशी धरलं. खारूनेही आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. कितीतरी वेळ दोघींच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी खारूचे डोळे उघडले नाहीत.

"दुकान बंद करते," नखताई त्या दिवशी म्हणाली. "मला नको ते. घरातली चादर न् चादर धुते, भिंती पुसते."

खारू डोळ्यांवर फडकं ठेवून पडली होती. "मग दोघींचंही गेलं," ती म्हणाली. "एकीचं तरी राहू दे."

तिने तोवर दुसरं काम बघितलंही होतं. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या. कानाला यंत्र, समोर पडदा. त्या कामात हातांचा काही संबंध नव्हता, तिथे खारूऐवजी दुसरी कोणीही चालली असती. कचेरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथल्याच एका मुलीबरोबर खोली मिळत होती. बाप म्हणाला, रोज जा-ये कर की. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो बसचे थांबे मोजायला लागला. पोरगी कामासाठी घर सोडत नव्हती. आईच्या अंगावरच्या धुळीपासून लांब जात होती. तिघांनाही हे कळत होतं, आणि म्हणून तिघंही फक्त बसच्या अंतराबद्दल बोलत राहिली.

जायचा दिवस रविवार निघाला. नखताईने आदल्या दिवशी दुकान उघडलंच नाही. सकाळी दोनदा न्हाली, केस दोनदा धुतले, आणि एकदाही दुकानात न गेलेले नवे कोरे कपडे पिशवीतून काढून घातले. दुपारी जेवणं झाली. बाप सामान खाली न्यायला लागला. खारू स्वयंपाकघरात टेबलाशी, तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली होती. नखताई समोर बसली. टेबलावर टॉवेल नव्हता, दिवा नव्हता.

खारूचे हात मांडीत होते. नखताईला कोणाचे दडवलेले हात ओळखायला वेळ लागत नाही.

"बघू," ती म्हणाली.

खारूने हात वर ठेवले. दहाही बोटं मुळापर्यंत खाल्लेली. दोन-तीन ठिकाणी रक्त सुकलं होतं. दुसरीतल्या पोरीची बोटं असावीत तशी. आणि झाकायला आता काही नव्हतं.

नखताईने तो पहिला नियम उभ्या जन्मात मोडला नव्हता. घरीही नाही. इतक्या वर्षांत तिने झाकलं, बुजवलं, चमकवलं, पण विचारलं नव्हतं.

"का खातेस गं?" ती म्हणाली. "कशाची भीती वाटते तुला? लहानपणी कशाची वाटायची?"

खारूने बोटं उलटी करून पाहिली. "भीती कसली," ती म्हणाली. "सुरुवातीला वाटत असेल काहीतरी, आठवत नाही. नंतर मी मुद्दाम खायचे."

"मुद्दाम?"

"खाल्ली की रविवारी तू हात धरून बसायचीस. तास-दीड तास. एरवी तू कुठे बसायचीस, आई? एकदा वाढवली होती चांगली, तर तू झोपून गेलीस."

नखताईला तो रविवार लख्ख आठवला. ती झोपही आठवली. जिन्यातून बाप दुसरी पिशवी घेऊन उतरत होता, त्याच्या पावलांचा आवाज येत होता.

"नुसतं म्हणायचं होतंस," नखताई म्हणाली. "आई, बस म्हणून."

"तू रिकामी कधी असायचीस?" खारू म्हणाली. रागाने नाही. एखादी साधी गोष्ट सांगावी तसं. "आणि आताचं म्हणशील, तर सवय असेल. आता मुद्दाम नाही खात. आता त्याचा काय उपयोग?"

नखताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही. पोरीचे दोन्ही हात ओढून घेतले, आपल्या हातांत धरले. आणि धरले मात्र, तिचा अंगठा आपोआप चालायला लागला. खारूच्या नखाच्या बुडाची कातडी मागे सारायला लागला, भेग चाचपायला लागला, कुठून सुरुवात करावी ते शोधायला लागला.

"आई," खारू म्हणाली, "नुसता हात धर."

नखताईने अंगठा थांबवला. तो पुन्हा हलला, तिने पुन्हा थांबवला. आयुष्यभर लोकांचे हात हातात घेऊन बसलेल्या त्या बाईला नुसता हात धरायचा कसा, ते काही केल्या जमेना. ती तिच्याने होईल तेवढी बोटं ताठ धरून, श्वास कोंडून बसली. खारूही हलली नाही.

थोड्या वेळाने बाप वर आला, दारातून आत बघितलं, आणि गाडीवाल्याला जरा थांब म्हणून सांगायला परत खाली गेला.